इनोव्हा सिग्नलला तापते, हायवेला थंड: फॅन क्लच बदलण्याबद्दल

प्रेषक: कोथरूडकर

नमस्कार मंडळी,

पुण्यात आई-बाबांकडे 2012 ची इनोव्हा आहे, 2.5 डिझेल. चांदणी चौक किंवा कर्वे रस्त्याच्या गर्दीत एसी लावून दहा-बारा मिनिटं रांगत गेली की काटा वर सरकतो आणि एसीची हवा कोमट होते. एक्स्प्रेसवेला लागली की पाच मिनिटांत काटा जागेवर. कूलंट भरलेलं आहे, गळती नाही. गॅरेजवाले रेडिएटर बदला म्हणतात, मला संशय फॅन क्लचचा आहे, म्हणजे गरजेप्रमाणे पंख्याला पुलीशी जोडणाऱ्या आणि सोडणाऱ्या भागाचा. डिसेंबरात दोन आठवडे घरी असेन. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम होईल का? पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये हात धड जात नाही, तिथे पाना कसा चालवायचा?


प्रेषक: बिबवेवाडीकर

कोथरूडकर,

संशय योग्य दिशेला आहे. उभ्या गाडीत तापणं आणि पळत्या गाडीत थंड होणं म्हणजे वारा कमी पडतोय. पळताना समोरून आपोआप वारा येतो, उभं असताना तो पंख्यानेच ओढायचा असतो. उलट लक्षणं असती, म्हणजे शहरात ठीक आणि हायवेला 100 च्या पुढे तापते, तर मीही आधी रेडिएटर आतून तुंबलाय का ते बघितलं असतं.

तरी क्लच विकत घेण्याआधी बाबांना चार गोष्टी बघायला सांगा. पैसे लागत नाहीत.

पहिली, सकाळची. रात्रभर उभ्या गाडीला पहिला स्टार्टर मारला की पंख्याचा मोठा घोंगावणारा आवाज एक-दोन मिनिटं यायला हवा आणि मग विरायला हवा. क्लचमधलं सिलिकॉन ऑइल उभ्या गाडीत हळूहळू कामाच्या कप्प्यात उतरतं, म्हणून सुरुवातीला पंखा पकडलेला असतो. नंतर ते ऑइल परत साठवणीच्या कप्प्यात फेकलं जातं आणि पंखा सुटतो. हा आवाज कधीच येत नसेल तर ऑइल गेलेलं असण्याची शक्यता मोठी.

दुसरी, इंजिन बंद आणि किल्ली खिशात ठेवून. पंख्याला बोटाने झटका द्या. मधात चमचा फिरवल्यासारखा जड फिरून तो एखाद्या फेऱ्यात थांबला पाहिजे. तीन-चार फेरे गरगर फिरला तर क्लच गेला. गाडी चांगली गरम करून, बंद करून पुन्हा तसंच बघा. गरम असताना विरोध थंडपेक्षा स्पष्ट जास्त लागला पाहिजे.

तिसरी, पात्याचं टोक धरून पुढे-मागे हलवा. टोकाशी पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त खेळ असेल तर बेअरिंग संपलंय. त्याच वेळी मागच्या पुलीकडे नजर ठेवा. पुलीही हलत असेल तर दोष वॉटर पंपाचा आहे, क्लचचा नाही.

चौथी, क्लचच्या तोंडावर बघा. मधल्या गोल गुंडाळलेल्या पट्टीपासून बाहेरच्या बाजूला किरणांसारखे तेलकट, धूळ चिकटलेले ओघळ असतील तर ऑइल गळतंय.

ती गुंडाळलेली पट्टी म्हणजे बायमेटल कॉइल, क्लचचा मेंदू तीच. ती इंजिनाचं तापमान बघत नाही, रेडिएटरमधून येणाऱ्या हवेचं बघते. म्हणून एक फसवं दुखणं लक्षात ठेवा: रेडिएटरचा मधला भाग आतून क्षारांनी बंद झाला की त्यातून येणारी हवा गार राहते, कॉइलला काही कळत नाही आणि चांगला क्लचसुद्धा पकडत नाही. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी टॉपअप केलेल्या गाड्यांत हे होतं. इंजिन गरम असताना बंद करून रेडिएटरच्या जाळीवर हाताने अंदाज घ्या. कडा गरम आणि मधला पट्टा गार लागला तर गॅरेजवाल्यांचं म्हणणं खरं.

एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधली फटही टॉर्चने बघा. पुण्यातल्या बांधकामांची धूळ आणि पावसाळ्यातला चिखल तिथे गादीसारखा बसतो. इंजिनाच्या बाजूकडून पुढे, हलक्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर जवळ धरला तर पत्रे आडवे होतात.


प्रेषक: सिंहगड रोडकर

बिबवेवाडीकर काकांनी निदान सांगितलंच आहे, मी पार्किंगमधल्या कामाचं लिहितो. हे घरी होतं. पहिल्यांदा करणाऱ्याने तीन तास धरावेत, गाडी पूर्ण थंड असावी, आणि मदतीला एक माणूस हवाच.

या इंजिनात क्लच, पुली आणि पंपाचा हब त्याच चार स्टडवर (दोन्हीकडे आटे असलेल्या, डोकं नसलेल्या बोल्टांवर) बसतात आणि चार नट तिघांना धरून ठेवतात. सगळी अडचण या नटांची आहे. ते क्लचच्या मागे असतात आणि पुढून दिसत नाहीत. पंखा क्लचवर ज्या बोल्टांनी बसवलाय ते पुढून दिसतात आणि लोक आधी तेच सोडायला जातात. गाडीत ते सोडू नका, जागा मिळत नाही आणि पाना घसरून रेडिएटरच्या जाळीत घुसतो. ते बाहेर आल्यावर, टेबलावर.

बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. कंडेन्सरला वेगळा इलेक्ट्रिक पंखा असेल तर तो अचानक सुरू होणार नाही याची ही खात्री. मग जाड खोक्याचा पुठ्ठा रेडिएटरच्या मापाचा कापून जाळी आणि पंख्याच्या मधे वरून सरकवा. हे पाच मिनिटांचं काम टाळलं की हमखास जाळीची नळी फुटते आणि क्लचच्या कामाचं रेडिएटरचं काम होतं.

रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) श्राऊडच्या, म्हणजे पंख्याभोवतीच्या कवचाच्या, आड येत असेल तर खालचा ड्रेन कॉक उघडून दोन-तीन लिटर कूलंट स्वच्छ बादलीत काढून घ्या, मग होज सोडा. श्राऊडचे वरचे बोल्ट काढा, खालच्या खाचांतून तो उचला आणि इंजिनाच्या बाजूला ढकलून पंख्यावर टेकवून ठेवा. अजून बाहेर काढता येणार नाही, प्रयत्नही करू नका.

आता नट. बेल्ट ताणलेला असतानाच चारही नट पाव-पाव फेरा सैल करायचे. बेल्टच पुलीला धरून ठेवतो. पुली फिरत असेल तर मदतनीसाने दोन पुल्यांच्या मधला बेल्ट तळहाताने दाबून धरावा. पाना सपाट रिंगचा, शक्यतो रॅचेट रिंग, कारण एका वेळी पाचेक अंशच फिरवायला मिळतात. उघड्या तोंडाचा पाना इथे नटाच्या कडा गोल करतो. एका नटापर्यंत पोचता येत नसेल तर क्रँकच्या बोल्टला सॉकेट लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने थोडं फिरवा, तो नट वर येतो.

गंज असेल तर आदल्या रात्री स्टडवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. स्टड नटासोबत बाहेर आला तर घाबरू नका, दोन नट एकमेकांवर आवळून तो परत बसवता येतो. तुटला तर मात्र पंप काढावा लागतो.

खालच्या ट्रेवर जुनी चादर पसरा. नट पडला की क्रॉसमेंबरच्या खाचेत जातो. लांब दांड्याचं मॅग्नेट जवळ असू द्या.

शेवटचा नट सुटताना दुसऱ्या हाताने पंखा धरा. मग क्लचसकट पंखा स्टडवरून पुढे घ्या, श्राऊडच्या पोटात आडवा करा आणि दोन्ही एकत्र वर उचला. एकटा पंखा निघत नाही, एकटा श्राऊडही निघत नाही. घालतानाही तसंच: आधी श्राऊड बसवून मग पंखा आत घालता येत नाही, हे अर्ध्या कामात कळलं की सगळं परत उपसावं लागतं.

या क्षणी पुली फक्त बेल्टच्या ताणावर स्टडवर उभी आहे. बेल्ट बदलायचा नसेल तर त्याला हात लावू नका. बदलायचा असेल तर आधी दोन नट हाताने लावून पुली धरा.

बसवताना चारही नट आधी बोटांनी पूर्ण आत घ्या, मग समोरासमोर आवळा. एम 8 धाग्याला साधारण 20 ते 25 न्यूटन-मीटर पुरतात, एम 6 ला 8 ते 10. मॅन्युअलमधला आकडा वेगळा असेल तर तोच खरा. लांब पान्याचा जोर इथे लावू नये. शेवटी पंखा हाताने पूर्ण एक फेरा फिरवून टोकं श्राऊडला कुठे घासत नाहीत ना ते बघा. इंजिनाचे माउंट दबलेले असतील तर उभ्या गाडीत घासणार नाही, पण गिअर टाकून झटका बसला की घासेल. मग माउंटही बघावे लागतील.


प्रेषक: डेट्रॉइटकर

अमेरिकेतल्या सभासदांसाठी एक भर, कारण वरचं वाचून कुणी आपल्या पिकअपवर किंवा जुन्या बीएमडब्ल्यूवर काम सुरू करेल. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत चार नट नसतात. क्लचच्या मागे एकच मोठा नट असतो, बीएमडब्ल्यूत 32 मिमी, अनेक अमेरिकन गाड्यांत 36 मिमी. तो थेट पंपाच्या शाफ्टवर आवळलेला असतो.

सगळ्यात जास्त चूक दिशेची होते. धागा असा कापलेला असतो की चालत्या इंजिनात पंख्याचा हवेतला विरोधच नटाला आवळत राहील. म्हणून इंजिन चालू असताना पंप ज्या दिशेला फिरतो, त्याच दिशेला नट फिरवला की सुटतो. पंप समोरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत असेल, जसा बीएमडब्ल्यूत, तर धागा डावा आणि नट घड्याळाप्रमाणे फिरवून सुटतो. बेल्टची पाठ पंपाच्या पुलीवरून जात असेल तर पंप उलटा फिरतो आणि धागा नेहमीचा उजवा असतो. बेल्टचा मार्ग नीट बघा, मग पान्याला हात घाला.

पुली धरायला हत्यार हवं. पंख्याची पाती धरून जोर लावू नका. प्लॅस्टिकचं पातं मुळाशी बारीक तडकतं आणि ती तडक 3,000 आरपीएमला उघडते.


प्रेषक: औंधकर

काका, दोन प्रश्न. पुण्यात मेकॅनिक म्हणतात क्लच उघडून ऑइल भरून देतो, नवीन कशाला? आणि दुसरा उपाय ते सुचवतात तो म्हणजे क्लच बोल्ट मारून कायमचा जाम करायचा. यांतलं काय चालतं?


प्रेषक: बिबवेवाडीकर

ताई, जाम करणं अजिबात नको. नीट क्लच सुटलेला असताना पंखा पुलीच्या वेगाच्या 20-30 टक्क्यांनी फिरतो, आणि पकडल्यावरही थोडा घसरतोच. जाम केला की तो सदैव शंभर टक्के. डिझेल जास्त जातं, इंजिन हिवाळ्यात लवकर गरम होत नाही आणि पंपाच्या बेअरिंगवर विनाकारण ओझं येतं. चढ संपून उतारावर आरपीएम वर गेला की पाती ज्या वेगासाठी केलेली नाहीत त्या वेगाने फिरतात. खंबाटकीत गाडी तापून बंद पडली तर तो खर्च रस्त्याकडेचा आहे. पातं सुटलं तर रेडिएटर, बॉनेट आणि समोर उभा असलेला माणूस.

ऑइल भरणं मात्र खोटं नाही. टोयोटाचे क्लच उघडता येतात आणि त्यासाठी 18 मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये सिलिकॉन ऑइल मिळतं, वेगवेगळ्या जाडीचं. 10,000 सेंटिस्टोकचं (सेंटिस्टोक हे ऑइलच्या जाडीचं माप) जाड ऑइल लोक जास्त पकड यावी म्हणून घालतात. माझं मत: बेअरिंगमध्ये खेळ नसेल, सीलपाशी गळती नसेल आणि फक्त ऑइल पातळ झालं असेल तर करावं. गळणाऱ्या क्लचमध्ये भरलेलं ऑइल पुन्हा गळतं आणि एवढा अडचणीचा पंखा दोनदा काढावा लागतो. जास्त भरलं तर क्लच कधी सुटतच नाही, म्हणजे जाम केल्यासारखंच झालं. कोणतंही साधं इंजिन ऑइल किंवा ग्रीस तर मुळीच नाही.


प्रेषक: कोथरूडकर

सर्वांचे मनापासून आभार. बाबांनी सकाळी बघितलं: पहिल्या स्टार्टला आवाज येत नाही, पंखा चार फेरे सुटा फिरतो, पुली घट्ट आहे, रेडिएटरची जाळी सगळीकडे सारखी गरम लागते. म्हणजे क्लचच. नाना पेठेतून भाग घ्यावा का, आणि घेताना काय बघावं?


प्रेषक: सिंहगड रोडकर

नाना पेठेत मिळतो, फक्त दुकानात जाताना मॉडेलचं नाव सांगून भागवू नका. इंजिनाचा प्रकार सांगा, चॅसिस नंबर लिहून न्या, आणि शक्य असेल तर जुना क्लच काढून सोबत न्या. चार मापं जुळवा: स्टडच्या भोकांमधलं अंतर, मधल्या भोकाचा व्यास, पंख्याच्या बोल्टांचं अंतर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माउंटिंगपासून पंख्याच्या बैठकीपर्यंतची उंची. पहिली तीन जुळून उंची चुकली की पंखा बसतो, पण जाळीच्या अगदी जवळ येतो किंवा श्राऊडच्या बाहेर राहतो. पातं अर्ध्याहून थोडं जास्त श्राऊडच्या आत हवं. नाहीतर तीच गरम हवा मागून पुढे फिरत राहते.

नवा क्लच हातात फिरवून बघा, सगळीकडे सारखा जड लागला पाहिजे. बायमेटल कॉइलला बोट लावून वाकवू नका. दुकानातून घरी येताना आणि घरी ठेवतानाही तो उभाच ठेवा, गाडीत बसतो तसा. आडवा पडून राहिला की ऑइल बेअरिंगमध्ये उतरतं आणि नवा भाग बसण्याआधीच खराब होतो. दुकानात फडताळावर आडवे रचलेले क्लच असतील तर दुसरं दुकान बघा.

पंखा परत लावताना त्याची पुढची बाजू आधीच मार्करने खूण करून ठेवा. उलटा लागला तरी बसतो, फिरतोही, फक्त हवा नीट ओढत नाही.

काढलेलं कूलंट स्वच्छ असेल तर तेच भरा, कमी पडलं तर निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर. पहिल्या स्टार्टला जोरात घोंगावेल, नव्या क्लचचं ते नेहमीचं आहे. त्या वेळी पंख्याच्या रेषेत, बाजूलासुद्धा, कुणी उभं राहू नये. मग एसी लावून गाडी वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा. काटा मधे थांबून पंख्याचा आवाज मधूनच चढला आणि उतरला, की कात्रज घाटात नेऊन दुसऱ्या गिअरमध्ये एकदा चढवून बघा.