क्रूझवर खात्यात आपोआप लागणारी बक्षिशी काढून घेणे शिष्टाचाराला धरून आहे का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)

नमस्कार. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरातील नऊ जण, म्हणजे सासू-सासरे, आम्ही दोघे, दीर-जाऊ आणि तीन मुले, सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझवर जाणार आहोत. आमच्यापैकी कोणीही याआधी जहाजावर राहिलेले नाही. भाड्यात खोली, मुख्य भोजनगृहातील जेवण आणि बहुतेक कार्यक्रम आले आहेत. परंतु नोंदणीच्या कागदांत बारीक अक्षरांत असे लिहिले आहे, की प्रत्येक प्रवाशाच्या जहाजावरील खात्याला रोज १६ डॉलर ‘ग्रॅच्युइटी’ म्हणून आपोआप लावले जातील. नऊ माणसांचे चार रात्रींचे ५७६ डॉलर होतात, म्हणजे जवळजवळ पन्नास हजार रुपये. याबद्दल विचारले तेव्हा आमचे सहल संयोजक म्हणाले, की तिसऱ्या दिवशी जहाजाच्या स्वागतकक्षात जाऊन ‘ही रक्कम काढून टाका’ एवढेच सांगायचे, आपल्याकडची बरीच कुटुंबे तसेच करतात.

तेव्हापासून घरात यावर रोज बोलणे होते. सासरे साखर कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. ग्रॅच्युइटी म्हटले की त्यांना १९७२ चा कायदा आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार एवढेच आठवते. त्यांचे म्हणणे असे, की ग्रॅच्युइटी मालकाने कामगाराला द्यायची असते, ती प्रवाशाने का द्यावी? माझे पती म्हणतात, की हॉटेलच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायला आपल्या देशात मनाई झाली आहे, मग जहाजाला वेगळा न्याय कशासाठी? माझे मन मात्र दुसरीकडे ओढते. घरकामाच्या मावशींची आणि कचरा नेणाऱ्या दादांची दिवाळीची पोस्त आमच्या घरात कधी चुकलेली नाही. पण पोस्त आपण खुशीने, आपल्या हाताने देतो. इथे विचारण्याआधीच रक्कम खात्यावर चढते, आणि ती काढायची तर आपली खोली रोज आवरणाऱ्या माणसाच्या नजरेला नजर देता येईल का, असे वाटत राहते. रक्कम काढता येते हे समजले आहे. ती काढणे योग्य आहे का, आणि असल्यास कोणत्या परिस्थितीत, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उत्तर १ (फुलेवाडी, जहाजावर नऊ वर्षे नोकरी)

ताई, आपल्या सासऱ्यांचा प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. ही रक्कम मालकानेच द्यायला हवी, हे मीही मानतो. परंतु क्रूझच्या धंद्यात, विशेषतः अमेरिकी पद्धतीने चालणाऱ्या कंपन्यांत, वाढप्यांच्या आणि खोल्या आवरणाऱ्यांच्या कमाईचा मोठा भाग प्रवाशांकडून यावा अशी रीत फार पूर्वीपासून पडली आहे. पूर्वी प्रवाशाचे टेबल, जेवणाची वेळ आणि वाढणारा माणूस संपूर्ण सफरीत एकच असे, आणि शेवटच्या रात्री प्रत्येकाच्या हातात पाकीट दिले जाई. २००० साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने कोणत्याही वेळी, कोणत्याही भोजनगृहात जेवण्याची सोय सुरू केली आणि ती पद्धत हळूहळू इतरत्रही पसरली. प्रवाशाला रोज नवा वाढपी भेटू लागल्यावर पाकीट द्यायचे कोणाला, हा प्रश्न आला आणि त्यातून रोजची ठरावीक रक्कम खात्याला लावण्याची पद्धत रुळली. आज ती साधारणपणे माणशी १६ ते २० डॉलर असते. स्वीटमध्ये, म्हणजे मोठ्या महागड्या खोलीत, राहणाऱ्यांना थोडी अधिक पडते.

मी कोल्हापुरातच हॉटेल मॅनेजमेंट शिकलो. वैद्यकीय तपासणी, एसटीसीडब्ल्यूचे (जहाजावर काम करण्यासाठी सक्तीचे) सुरक्षा प्रशिक्षण आणि सीडीसी, म्हणजे खलाशाचे नोंदपुस्तक, यांचा खर्च घरच्यांनी उसनवारी करून केला, आणि मी सहायक वेटर म्हणून पहिल्या जहाजावर चढलो. माझा करार आठ महिन्यांचा होता. त्या आठ महिन्यांत साप्ताहिक सुट्टी नावाची गोष्ट नव्हती. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. याचा अर्थ असा, की उरलेल्या वेळात पूर्ण नियमाने काम करूनही माणूस किती थकत असेल, याची कल्पना आपण करू शकाल. माझ्या करारात मूळ पगाराचा आकडा लहान होता आणि प्रवाशांच्या खात्यातून येणाऱ्या सामायिक रकमेतला वाटा त्याहून कितीतरी मोठा होता. मी घरी जे पैसे पाठवत असे, ते मुख्यतः त्या वाट्यातून. म्हणून नाव बक्षिशीचे असले, तरी आम्हा कामगारांच्या लेखी ती मजुरीच होती.

आपल्या जुन्या गावगाड्यात सुताराला, लोहाराला सुगीच्या वेळी बलुते मिळत असे. ‘यंदा माझा नांगर मोडला नाही’ असे म्हणून कोणी सुताराचे बलुते कापत नसे, कारण तो हक्क होता. जहाजावरची ही रोजची रक्कम पोस्तीपेक्षा बलुत्याच्या जवळची आहे. वर्षभराच्या ओळखीतून, खुशीने आणि दात्याच्या मनाप्रमाणे दिली जाते ती पोस्त; तिला आपण मोकळ्या हाताने वेगळे स्थान द्यावे.

आता रक्कम काढून रोख देण्याविषयी. ‘ज्याने सेवा दिली त्याच्याच हातात देतो’ हा विचार ऐकायला रास्त वाटतो. परंतु सामायिक रकमेतला वाटा प्रवाशाला कधीच न दिसणाऱ्या माणसांपर्यंतही जात असतो. रात्री दोन वाजता चादरी धुणारा, भांड्यांच्या यंत्रापाशी वाफेत उभा असलेला, पहाटे मार्गिका पुसणारा, यांच्या हातात आपण रोख कशी देणार? शिवाय काही कंपन्यांत असा नियम आहे, की प्रवाशाने आपोआप लागणारी रक्कम काढून घेतली असेल, तर त्याच्याकडून मिळालेली रोखही कर्मचाऱ्याने सामायिक निधीत जमा करायची.

खोल्या आवरणाऱ्या माणसाकडे पंधरा-वीस खोल्या असतात. सफर संपते त्या सकाळी जुने प्रवासी उतरतात आणि दुपारपासून नवे चढू लागतात. त्या चार-पाच तासांत सगळ्या खोल्या नव्याने तयार करायच्या असतात. त्याच सकाळी कोणकोणत्या खोल्यांनी रक्कम काढली याची कुजबुज आमच्या जेवणघरात होत असे. राग कोणी बोलून दाखवत नसे. मान मात्र खाली जात असे, हे मी पाहिले आहे.

रक्कम काढण्याजोगी परिस्थिती नसतेच असे मी म्हणत नाही. खोली दोन दिवस आवरली गेली नाही, कोणी अपमान केला, असे घडले तर तोंड बंद ठेवून शेवटच्या रात्री रक्कम काढण्याऐवजी त्याच दिवशी स्वागतकक्षात किंवा विभागप्रमुखाकडे सांगावे. बहुतेक वेळा गोष्ट सुधारते. सांगूनही सुधारली नाही, तर रक्कम कमी करायला लावण्यात मला गैर वाटत नाही.

उत्तर २ (शाहूपुरी, ग्राहक चळवळीतील कार्यकर्ती)

आपल्या यजमानांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून हॉटेल आणि उपाहारगृहांना बिलात सेवाशुल्क आपोआप लावण्यास मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती तत्त्वे कायम ठेवली. महाद्वार रोडवरच्या किंवा ताराबाई पार्कातल्या हॉटेलात असे शुल्क लावले, तर आपण ते काढायला सांगू शकता आणि १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करू शकता. परंतु सिंगापूरहून निघणाऱ्या आणि बहामा किंवा पनामा अशा देशाचा ध्वज लावणाऱ्या जहाजावर आपले हे नियम जात नाहीत. तिथे आपल्या तिकिटावरील करारच चालतो. तो आपण वाचावा. बऱ्याच कंपन्या स्वतःच सांगतात, की ही रक्कम प्रवाशाच्या मर्जीवर कमी-जास्त करता येईल, मात्र जहाज सोडण्यापूर्वी.

पैशाच्या दृष्टीने दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली म्हणजे संयोजकांनी घेतलेल्या रकमेत ही ग्रॅच्युइटी आधीच भरलेली आहे का, कारण काही सहलींत ती आगाऊ घेतलेली असते आणि प्रवासी जहाजावर पुन्हा भरायला तयार होतात. दुसरी म्हणजे पेये आणि स्पा यांच्या बिलावर साधारण १८ ते २० टक्के वेगळे शुल्क लागते; ते रोजच्या १६ डॉलरमध्ये धरलेले नसते.

उत्तर ३ (मंगळवार पेठ)

फुलेवाडीच्या दादांविषयी पूर्ण आदर ठेवून मी मतभेद नोंदवतो. गेल्या वर्षी आम्ही दोघांनी रक्कम काढली होती आणि ती विचारपूर्वक काढली होती.

बलुत्याचा दाखला मला पटला नाही. बलुते आणि वतन या व्यवस्थांत माणूस हक्काच्या नावाखाली बांधला जात होता आणि त्याच्या कामाची खरी किंमत कधीच ठरत नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली करवीर संस्थानातील महार वतने रद्द केली, कारण वतनाच्या तुकड्याच्या मोबदल्यात माणसाला वाटेल तसे राबवून घेतले जात होते. त्याच गावात बसून आपण असे कसे म्हणू शकतो, की कामगाराची मजुरी पाहुण्याच्या मर्जीवर राहिली तरी चालेल? जाहिरातीत भाडे कमी दिसावे म्हणून मजुरी भाड्याबाहेर ठेवली जाते, असे माझे ठाम मत आहे. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ मध्ये ही रोजची रक्कम बंद करून ती भाड्यातच धरली. सीबॉर्न आणि सिल्व्हरसी यांसारख्या महागड्या कंपन्याही ती भाड्यात धरतात. म्हणजे हे करता येते. प्रवासी निमूटपणे भरत राहिले, तर इतर कंपन्या ते का करतील? मी रक्कम काढली, त्यामागचे कारण कंपनीला लेखी कळवले आणि खोली आवरणाऱ्या मुलाला ४० डॉलर हातात दिले.

उत्तर १ चे लेखक पुन्हा

काका, मजुरी भाड्यात असावी ही आपली मागणी माझीही आहे, आणि बलुत्याचा दाखला देताना त्याची दुसरी बाजू मी लिहिली नाही ही माझी चूक मान्य करतो. परंतु आपल्या निषेधाची किंमत कोणी मोजली, एवढे पाहावे. आपण काढलेली रक्कम कंपनीच्या भाड्यातून वजा झाली नाही. ती कामगारांच्या वाट्यातून वजा झाली. भाडे कंपनीला पूर्ण मिळाले. कंपनीवर दबाव आणायचा असेल, तर सर्व काही भाड्यात धरणारी कंपनी निवडणे, किंवा नोंदणी करतानाच लेखी आक्षेप घेणे, हे मार्ग अधिक सरळ आहेत. जहाजावर चढून, चार दिवस सेवा घेऊन मग रक्कम काढली, तर कपडे धुणाऱ्या माणसाला आपल्या पत्रातले कारण कधीच कळत नाही.

उत्तर ३ चे लेखक पुन्हा

रक्कम कोणाच्या वाट्यातून वजा होते, याचा मी तितका विचार केला नव्हता. भाड्याविषयीचे माझे मत कायम आहे. पुढच्या वेळी आक्षेप नोंदणीच्या वेळीच घेईन.

उत्तर ४ (रंकाळा परिसर)

एक छोटा अनुभव सांगते. आमच्या जहाजावर खोलीतील स्वच्छतागृह पहिल्याच दिवशी तुंबले आणि दीड दिवस तसेच राहिले. आमच्या गटातील सर्वांचा आग्रह होता, की ग्रॅच्युइटी काढून टाका. मी स्वागतकक्षात गेले तेव्हा तिथल्या अधिकारी बाईंनी शांतपणे विचारले, की तक्रार दुरुस्ती विभागाविषयी आहे की खोलीच्या सेवेविषयी. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की आमची खोली आवरणारा मुलगा त्या दीड दिवसात चार वेळा येऊन गेला होता आणि त्यानेच रात्री उशिरा शेजारच्या मजल्यावरील स्वच्छतागृहाची सोय करून दिली होती. मी ग्रॅच्युइटी तशीच ठेवली आणि गैरसोयीबद्दल कंपनीकडे वेगळी भरपाई मागितली. खात्यावर काही डॉलर जमा झाले. दोष कोणाचा आहे ते आधी वेगळे करावे, एवढेच माझे सांगणे आहे. आणि वृद्ध मंडळी बरोबर असतील, तर खोली आवरणाऱ्या माणसाशी पहिल्याच दिवशी ओळख करून घ्यावी. माझ्या सासूबाईंना लागणारे गरम पाणी आणि जादा उशी शेवटपर्यंत न मागता मिळत गेली.

प्रश्नकर्त्या

सर्वांचे मनापासून आभार. संयोजकांकडे पुन्हा विचारणा केली; रक्कम आगाऊ घेतलेली नाही, जहाजावरच लागणार आहे. आम्ही ती काढणार नाही. सासऱ्यांना फुलेवाडीच्या दादांचे उत्तर वाचून दाखवले. त्यांनी सहलीच्या खर्चाच्या वहीत ‘ग्रॅच्युइटी’ हा शब्द खोडून तिथे ‘मजुरी’ लिहिले आणि पन्नास हजार रुपये वेगळे काढायला सांगितले. मात्र मालकाविषयीचा त्यांचा राग अजून गेलेला नाही. खोली आवरणाऱ्या माणसाला वेगळी पोस्तही द्यावी असे सासूबाईंचे म्हणणे आहे. त्यासाठी किती रोख बरोबर न्यावी?

उत्तर १ चे लेखक

ताई, ती पूर्णपणे आपल्या खुशीवर आहे. चार रात्रींसाठी एका खोलीमागे दहा ते वीस डॉलर दिले, तरी त्याला फार आनंद होईल. परकीय चलन घेताना एक आणि पाच डॉलरच्या नोटा आधी सांगून मागून घ्याव्यात, कारण ऐनवेळी शंभराच्याच नोटा हातात पडतात. आणि रक्कम शेवटच्या सकाळी उशीखाली न ठेवता आदल्या संध्याकाळी त्याच्या हातात द्यावी. शेवटच्या सकाळी तो आपल्याला भेटेलच असे नसते.