मदत हवी आहे: नव्या फिशटँकमध्ये अमोनिया उतरत नाही, कोणते मासे ठेवू?

नमस्कार. धायरीत राहते. लेकीच्या आठव्या वाढदिवसाला १८ × १० × १० इंचांचा टँक आणला, भरून साधारण २५ लिटर पाणी बसतं. दुकानात सांगितलं, "दोन गोल्डफिश, चार गप्पी आणि काच साफ ठेवायला एक सकर घेऊन जा." त्याच संध्याकाळी सगळे सोडले.

पाचव्या दिवशी पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालं. मी घाबरून सगळं पाणी उपसलं, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून चोळून धुतले. पाणी आरशासारखं झालं आणि दोन दिवसांत दोन गप्पी गेले. एक तर फिल्टरच्या तोंडाशी शेपूट चिकटून होता. लेकीने पाहायच्या आत काढला. आता गोल्डफिश सकाळपासून पाण्याच्या वर तोंड काढून आहेत, कल्ले लालभडक दिसतात.

काल टेस्ट किट आणलं. अमोनिया २, नायट्राइट ०.२५, नायट्रेट जवळपास शून्य, पीएच ८. नळाचं पाणीही तपासलं, त्यात अमोनिया नाही. सोसायटीत महापालिकेचं आणि बोअरचं पाणी एकत्रच येतं. बादलीच्या कडेला पांढरे क्षार बसतात, म्हणजे जडच असणार. पाणी रात्रभर उघडं ठेवून मग वापरते.

आज काय करू? आणि पुढे या टँकमध्ये कोण नीट जगेल? लेकीला निऑन टेट्रा आवडलेत. मला मासे फक्त जिवंत नाही, सुखात हवेत.

प्रतिसाद

ताई, आधी आजचं. अर्धं पाणी बदला, उद्यापासून रोज पाव. रात्रभर उघडं ठेवल्याने क्लोरीन बरंचसं उडतं, तरी अँटिक्लोरीनचे थेंब टाकाच. एअर पंप २४ तास चालू. दोन दिवस खाणं बंद, मासे उपाशी मरत नाहीत. स्पंजला हात लावू नका.

माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया येतो. स्पंजवर, खड्यांवर वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट. ही वसाहत बसायला चारसहा आठवडे लागतात. तुम्ही नळाखाली धुतलात तेव्हा जी थोडीफार बसली होती तीही गेली. पुढे स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्यात, नुसता पिळून. पीएच ८ ला अमोनियाचा विषारी रूपातला भाग वाढतो, म्हणून तुमच्याकडे २ हा आकडा फार झाला.

गोल्डफिश आणि सकर मात्र परत द्या. गोल्डफिश वीतभर होतो आणि घाण प्रचंड करतो. सकर फूटभराच्या वर जातो. परत घेत नाहीत म्हणून नदीत किंवा तळ्यात सोडू नका. उजनीत हाच सकर माजलाय, त्याच्या काट्यांनी मच्छीमारांची जाळी फाटतात.

निऑनला मऊ, किंचित आम्ल पाणी लागतं. तुमच्या बोअरच्या पाण्यात गप्पीच खरे. अमोनिया आणि नायट्राइट आठवडाभर शून्य राहिले की चारपाच नर गप्पी ठेवा, फक्त नर. माद्या असल्या तर महिन्या-महिन्याला पिल्लं होतील.

ओळखीत कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या स्पंजचा तुकडा मागून आणा. दुकानात बाटलीत मिळणाऱ्या जिवाणूंपेक्षा त्या तुकड्यावरच्या तयार जिवाणूंवर माझा भरवसा जास्त.

धागाकर्ती

मनापासून आभार. अर्धं पाणी बदललं, तासाभरात एक गोल्डफिश खाली उतरला. दुसरा अजून वरच आहे. दुकानदार गोल्डफिश आणि सकर संध्याकाळी परत घेतो म्हणाला. लेक खूप रडली, मग स्वतःच म्हणाली, "त्यांना मोठं घर लागतं ना?"

सिंहगड रस्ता, वडगाव, कोथरूड भागात कुणाकडे जुन्या स्पंजचा तुकडा आहे का? मी टँकचंच पाणी भरायला डबा घेऊन येईन, सुकू देणार नाही.