क्षमा केली, पण त्याच्याबद्दल खरं लिहायचं कसं?

मोहरीचा दाणा:
तीन वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याने स्वतःच्या चुकीचं खापर माझ्यावर फोडलं. अहवालातले आकडे त्याने चुकवले, पण खाली सही माझी होती, म्हणून लेखी ताकीद मला मिळाली. पुढे प्रार्थनेत मी त्याला क्षमा केली, निदान मला तसं वाटत होतं. आता त्याच्या बढतीसाठी माझा अभिप्राय मागवलाय. काल रात्री लिहायला बसले आणि पहिलंच वाक्य उतरलं, ‘हा नेहमी जबाबदारी दुसऱ्यावर ढकलतो.’ लिहिताना बरं वाटलं. त्याचीच भीती वाटली. गोड गोड लिहावं तर तेही खोटंच, आणि प्रभू येशू तर म्हणतो, तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही असावं (बायबल, मत्तय 5:37). काय करू?

जुनी वही:
ताई, त्याला हे तोंडावर कधी सांगितलंत का? लूक 17:3 मध्ये भावाला त्याचा अपराध दाखवून देणं आधी येतं, तो पस्तावला की क्षमा. मत्तय 18:15 सांगतं, दोघंच असताना बोला. आपण ही पायरी गाळतो आणि मनातल्या मनात क्षमा करून मोकळे होतो. मग ती गोष्ट तीन वर्षांनी कागदावर अशी बाहेर पडते.

पहाटतारा:
मला मत्तय 18 मधल्याच दाखल्यातला निर्दय दास आठवला. राजाने त्याचं देणं माफ केलं, पण त्याने आपल्या सोबत्याचं माफ केलं नाही. त्याचं स्वतःचं देणं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दीनार आणि दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस. हिशोब सहा कोटी दिवसांवर जातो! त्याच्या सोबत्याचं देणं 100 दीनार. पण 100 दिवसांची मजुरी म्हणजे तीन महिन्यांहून जास्त राबणं. तुम्हाला लागलं ते थोडं होतं, असं प्रभू म्हणत नाही. मला या दाखल्यात नेहमी हेच धीर देतं.

साधी वाट:
क्षमा आणि विश्वास यांची गल्लत नको. योसेफाला त्याच्या भावांनी विकलं होतं. पुढे त्याने त्यांना जवळ केलं, पण त्याआधी धाकट्या भावाच्या, बन्यामिनाच्या गोणीत आपला प्याला ठेवून त्यांची पारख केली (उत्पत्ती 44). तुम्ही पाहिलं तेवढंच लिहा.

मोहरीचा दाणा:
सगळ्यांचे मनापासून आभार. मसुदा पुन्हा उघडला. ‘नेहमी’ खोडलं, कारण मी एकदाच पाहिलंय. मग ‘ढकलतो’ही टिकेना. आता लिहिलंय की कामाचा उरक दांडगा आहे, नव्या माणसांना तो चिकाटीने शिकवतो, आणि एका अहवालात आकड्यांची चूक त्याने वेळीच कबूल केली नव्हती. तिन्ही गोष्टी मी स्वतः पाहिलेल्या.

पण त्याच्याशी बोलल्याशिवाय हे पाठवणार नाही. सकाळी त्याला म्हटलं, ‘त्या अहवालाबद्दल बोलायचंय, दहा मिनिटं देशील?’ तो गप्प झाला. मग खाली बघत म्हणाला, ‘मला वाटायचं तू विसरलीस.’ दुपारी भेटतोय. प्रार्थनेत आठवण ठेवा.