सॅडलबॅग लावताना काय जळलं, काय घासलं?

काल तीन हात नाक्याच्या सिग्नलला पुढच्या बाईकची उजवी सॅडलबॅग (सीटच्या दोन्ही बाजूंना लोंबतात त्या जोडीतली) सायलेन्सरला टेकून धुमसत होती. तो वास नाकात गेला आणि जुनं सगळं वर आलं, म्हणून धागा. माझं एकच: बॅग आणि सायलेन्सरमधला गॅप रिकाम्या बॅगेवर बघू नका. बॅग भरा, मागे कुणाला तरी बसवून दोनदा दाबायला सांगा. तेव्हाही तीन बोटं सुटली पाहिजेत.

घोडबंदरकर: स्टे (बॅगेला आत जाऊ न देणारी लोखंडी फ्रेम) नसेल तर तीन बोटं पण फुकट. खड्ड्यात बॅग आत झुलते आणि टायरला घासते. स्टेच्या बोल्टला निळं थ्रेडलॉकर (आटे ढिले होऊ न देणारा गोंद) लावा, शंभरेक किमीनंतर पाना फिरवा. लाल लावू नका, उघडताना रडाल.

वाशीवाला: डावीकडे साडीगार्ड आहेच की. उजवीकडेच स्टे घेतला तर?

घोडबंदरकर: बऱ्याच गाड्यांना चालतं. पण मेकॅनिक "गार्ड काढून टाकू" म्हणाला तर ऐकू नका. मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं लागतं, केंद्रीय मोटार वाहन नियम १२३.

दोन_चाकी: पट्टा सीटखालून घेतलात ना, मग सीट दाबून "टक्" आवाज ऐकाच. जाड वेल्क्रो मध्ये आलं की लॉक अर्धवट बसतं. पट्ट्यांची लोंबती टोकं गुंडाळून झिपटाय. डावीकडे चेन आहे बाबांनो!!

ऐरोलीची_ताई: रेनकव्हर सत्तरच्या स्पीडला फुग्यासारखं फुगून उडतं. कपडे आतच प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड पिळून दुमडून रबरबँड. माळशेजवाल्यांनो, तुम्हालाच सांगतेय.

एनएस२००: आमचा सायलेन्सर पोटाखाली, जळायचं टेन्शन नाही 😎

दोन_चाकी: दादा, पण मागे बॅगेने इंडिकेटर झाकला का ते बघ आधी.

एनएस२००: 🙈 झाकलाय. पुढचा पट्टा कशाला ओढू?

दोन_चाकी: मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला. जड सामान तळाला, सीटच्या बाजूला. दोन्ही बॅगा स्प्रिंगकाट्याला लावून सारख्या कर. हवा डबलसीटच्या आकड्याला, स्टिकरवर असतो.

वाशीवाला: आणि हँडल निघालं म्हणजे बॅग निघाली असं नसतं. कोपरीच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षावाल्याची शिवी ठरलेली.

पनवेलकर: लोणावळ्याला एक्सप्रेसवेने जाता येईल का?

घोडबंदरकर: बाईकला बंदी आहे. जुन्या हायवेने खोपोलीवरून जा.

ऐरोलीची_ताई: थालीपीठं कुठल्या बॅगेत ठेवू?

एनएस२००: सायलेन्सरच्या बाजूला, गरम राहतील 😂

ऐरोलीची_ताई: आणि पेट्रोलचा वास? डब्याला झाकण घट्ट बसत नाही माझ्या.