शिकाऊ मेकॅनिक म्हणून लागतोय, रोज ६० किमी बाईकने जाणं-येणं. काय तयारी ठेवू?

नवशिका_१२५
पुढच्या महिन्यापासून टू-व्हीलर वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागतोय. एका बाजूचं अंतर ३० किमी, आठवड्याचे सहा दिवस. गाडी १२५ सीसी, पुढे डिस्क, मागे ड्रम, टायर ट्यूबलेस, चेन उघडी. स्वतःची हत्यारं घ्यायची तर सुरुवातीला कोणती? ती रोज पाठीवरच्या सॅकमध्ये न्यावीत का? आणि हात बसावा म्हणून याच गाडीवर कामं करून पाहायचा विचार आहे, ते कितपत शहाणपणाचं?

दहाचा_पाना
मोठी पेटी आत्ता घेऊ नका. अर्धी हत्यारं सहा महिने हातात येणार नाहीत आणि उरलेल्यांतली चांगली कोणती, ते आज कळणार नाही.

बहुतेक कामं ८, १०, १२, १४ आणि १७ या मापांत होतात. या पाचांचे रिंग पाने, ८-१०-१२ चे टी पाने, प्लग पाना, एक नोजप्लायर आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्या) एवढं पुरे. सॉकेट घ्याल तेव्हा सहा कोनांचंच घ्या. बारा कोनांचं सॉकेट गंजलेल्या बोल्टचे कोपरे खातं. फिक्स पाना (उघड्या तोंडाचा) फक्त रिंग बसत नाही तिथे, आणि शेवटचा जोर त्याने कधीच द्यायचा नाही.

फुलीच्या स्क्रूकडे नवी मुलं लक्ष देत नाहीत. जपानी घडणीच्या गाड्यांवर तो दिसतो फिलिप्ससारखा, पण असतो जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या मापाचा. डोक्यावर एका कडेला बारीक ठिपका असला की समजायचं. साधा फिलिप्स ड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर उसळतो आणि फुली गोल होते. ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणाचे दोन स्क्रू सगळ्यात जास्त वेळा असेच मेलेले सापडतात. जेआयएसचे २ आणि ३ नंबर घेऊन ठेवा. स्क्रू अडकला असेल तर इम्पॅक्ट ड्रायव्हर (ठोक्याने फिरणारा) लावून हातोडीचा एक ठोका, मगच फिरवायचं.

आता जोर. ८ किंवा १० चा पाना लागतो त्या बोल्टचे आटे बहुतेक वेळा ६ मिमीचे असतात आणि त्याला साधारण १० न्यूटन-मीटरच पुरतं. म्हणजे १५ सेंमी लांब पान्याच्या टोकाला जेमतेम ७ किलोचा जोर. ८ मिमी आट्यांच्या बोल्टला साधारण २२ न्यूटन-मीटर. खरा आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला. केसिंग अल्युमिनियमचं असतं, बोल्ट लोखंडाचा, त्यामुळे आटे जातात ते केसिंगचे. 'अजून थोडं' म्हणून मनगट वळलं की ऑइलच्या ड्रेन बोल्टची जागाच जाते. ऑइल गळायला लागलं तर आधी वॉशर नवा टाका, बोल्ट आवळत बसू नका.

ढिली_चेन
हत्यारांबद्दल वरचं सगळं मान्य. सॅकमध्ये मात्र अजिबात नाही. पडलात तर १७ चा पाना थेट मणक्यात घुसतो. हत्यारं वर्कशॉपमध्ये कुलपात ठेवा. गाडीवर फक्त प्लग पाना, ट्यूबलेसचं पंक्चर किट, छोटा पंप, फ्यूज आणि क्लचची एक जादा केबल, तेही सीटखाली किंवा मागच्या बॉक्समध्ये. पंक्चरची पट्टी तात्पुरती समजा, वर्कशॉपला पोचल्यावर टायर उतरवून आतून पॅच मारा.

दिवसाला ६० म्हणजे आठवड्याला ३६०, महिन्याला दीड हजार किमी. मॅन्युअल बहुतेकदा ५०० किमीला चेन वंगण सांगतं, तर तुमच्यासाठी ते आठवड्यातून एकदाचं काम. घरी पोचल्यावर चेन कोमट असते तेव्हा रॉकेलने पुसा आणि ९० नंबरचं गिअर ऑइल चेनच्या खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूने सोडा. चाक फिरतं तसं ते बाहेरच्या बाजूला झिरपतं. ओ-रिंगची चेन (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) असेल तर पेट्रोल नको, तारेचा ब्रशही नको. एक सोडून सगळं माफ आहे: चालू इंजिनवर, गिअर टाकून, फडकं चेनला धरणं. बोटं जातात.

चेनची ढिल खालच्या पट्टीच्या मध्यावर, साधारण २० ते ३० मिमी. चाक फिरवत चार-पाच जागी बघा आणि जिथे सगळ्यात कडक लागते तिथे माप धरा. कडक चेन जास्त वाईट. खड्ड्यात मागचा शॉक दबला की ती आणखी ताणली जाते आणि भार गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. मागच्या चाकाच्या एक्सलजवळच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा. तुमच्या मागे ड्रम आहे, म्हणून एक जादा गोष्ट: चाक मागे सरकलं की ब्रेकचा रॉड ताणला जातो आणि पॅडलची ढिल संपते. ती पुन्हा नाही दिली तर ब्रेक घासत राहतो. पाच किमी चालवून ड्रमजवळ हात न्या, गरम वाटला तर तेच झालंय.

बुटांचं कुणी सांगत नाही. दिवसभर सांडलेल्या ऑइलवर फिरलेला तळवा संध्याकाळी फूटरेस्टवरून आणि ब्रेक पॅडलवरून सटकतो. कामाचे बूट वेगळे, गाडीचे वेगळे. पेट्रोल सांडलेला डगलाही तिथेच बदलायचा. आणि हेल्मेटची काच ब्रेक क्लीनर, थिनर किंवा पेट्रोलने पुसू नका. पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात, रात्री समोरच्या दिव्याने सगळं धुरकट दिसतं. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस.

नवशिका_१२५
आभार. म्हणजे स्वतःच्या गाडीवर नेमकी कोणती कामं करू? ऑइल, पुढचे ब्रेक पॅड आणि टॅपेट (वाल्व्हची फट लावणं) डोक्यात आहेत.

टॅपेट_गार_असताना
तिन्ही करा, पण सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी सुरू करा, सुट्टीच्या रात्री नाही. एखादा बोल्ट तुटला तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडं असायला हवं. उघडण्याआधी वॉशर, गॅस्केट, ओ-रिंग हातात असू दे.

ऑइल: डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (बाईकच्या ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलंच. क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, त्यामुळे कारच्या काही ऑइलमधल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी तो स्लिप होतो. पातळी बघताना गाडी डबल स्टँडवर, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद, पुन्हा दोन-तीन मिनिटं थांबून ऑइल मोजायची काडी बघायची. ती आट्यात फिरवून बघायची की नुसती टेकवून, ते मॅन्युअलमध्ये बघ. इथे चूक झाली की ऑइल कमी-जास्त भरलं जातं.

पॅड: ब्रेकचा पिस्टन आत ढकलण्याआधी वरच्या ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण सैल कर, कडेने फडकं गुंडाळ. ब्रेक ऑइल सांडलं तर रंग उचलतं, लगेच पाण्याने धू. पॅडला ग्रीसचा हात लागला तर तो पॅड गेलाच. बसवून झालं की गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत दाब. पहिल्या दाबांत लिव्हर थेट हँडलला टेकते, कारण पिस्टन अजून पॅडपर्यंत आलेला नसतो. हे विसरून गाडी गेटबाहेर काढली की पहिल्याच वळणाला ब्रेक नसतो.

टॅपेट: इंजिन पूर्ण गार, रात्रभर उभं असलेलं उत्तम. टीची खूण (पिस्टन सगळ्यात वर असल्याची) जुळव आणि दोन्ही रॉकर (वाल्व्ह दाबणारे दांडे) हाताने किंचित हलतात का बघ. हलत नसतील तर अजून एक पूर्ण फेरा फिरव. फिलर गेजची पत्ती घासत सरकायला हवी, अडकून नाही आणि मोकळीही नाही. लॉक नट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा माप घे. हे पहिल्यांदा वर्कशॉपमध्ये मोठ्या मेकॅनिकसमोर कर, तुझ्या गाडीवर दुसऱ्यांदा.

कव्हर उघडलंस तर पुठ्ठ्यावर त्याचा आकार काढून बोल्ट त्याच जागी खोच. लांबी वेगवेगळी असते. लांब बोल्ट आखूड भोकात आवळला तर केसिंग तडकतं.

ढिली_चेन
एक राहिलं. चेनला जोडाची क्लिप असेल तर तिचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला. उलटी बसली तर काहीतरी घासून उघडते.