अनुभव धागा: काम मुंबईत, घर कुठे?

परवा लोअर परळला उतरले. बाबा ज्या गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागावर, होते, तिथे आता काचेचे टॉवर आहेत. 1991 च्या नियमाप्रमाणे बंद गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश वाटा म्हाडाच्या घरांसाठी होता. 2001 मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची उरली. गिरणीत मोकळी जमीन असते किती? बहुतेक सगळी शेडखाली. कामगारांची घरं तिथेच गेली, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या घरी काय झालं ते लिहा. ऐकीव नको, स्वतःचं.

काळाचौकीची लेक
बाबा 1982 च्या संपातले. नंतर त्यांना कामावर घेतलंच नाही. आईने खानावळ चालवून आम्हाला वाढवलं. गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या घरांची 2012 मध्ये पहिली सोडत निघाली, 6,925 घरं होती, त्यात आमचा नंबर नाही आला. 2016 ला लागला तेव्हा बाबा नव्हते. वारस म्हणून कागद मागितले. गिरणीचं ओळखपत्र, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, पगाराची चिठ्ठी, सगळं आईने पत्र्याच्या ट्रंकेत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलं होतं. पावसात खोली गळायची तेव्हा ती आधी ट्रंक उचलायची. घर 225 चौरस फूट, साडेनऊ लाखांचं. हप्ते चालू आहेत, पण आई तिच्याच वस्तीत राहिली.

बदलापूरकर
मी परळच्या एका रुग्णालयात कंत्राटी वॉर्डबॉय. लालबागच्या चाळीत भाड्याने राहायचो. चाळ पुनर्विकासाला गेली. पागडीवाल्यांना, म्हणजे एकरकमी पागडी देऊन राहणाऱ्या जुन्या भाडेकरूंना, नवी घरं मिळतील, मिळायलाच हवीत. आम्ही अकरा महिन्यांच्या करारावरचे, आमचं नाव कुठल्याच यादीत नाही. आता बदलापूरला राहतो, सातची पाळी गाठायला साडेचारला घर सोडतो. मुलगी मला जागी भेटते ती सुट्टीच्या दिवशी. सोडतींच्या चर्चेत आमच्यासारखे भाडेकरू कधी येतच नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितोय.

डिलाईल रोड
आमच्या गावच्या मंडळाची इथे खोली आहे. गावाहून आलेला पोरगा पेटी आणि वळकटी घेऊन थेट तिथे यायचा. महिन्याची वर्गणी, जेवण खानावळीत, रात्रपाळीवाला उठला की त्याच्या जागी दिवसपाळीवाला आडवा. मीही तीन वर्षं तशीच काढलीत. आता बिल्डर विचारतो, खोली नक्की कुणाच्या नावावर? बैठकांवर बैठका चालल्यात. नव्या फ्लॅटमध्ये वीस पोरांना कोण राहू देणार?

गिरणी कामगाराची सून
सासरे 74 वर्षांचे, अर्ज अजून तसाच आहे. मध्यंतरी गिरणी कामगारांना मुंबईबाहेर, बदलापूरच्या पुढे शेलू-वांगणीला घरं द्यायची गोष्ट निघाली तेव्हा म्हणाले, "माझी गिरणी काय वांगणीला होती?" काळाचौकीच्या ताई, आमच्याकडे ईएसआयचं कार्ड आहे, पण पगाराची चिठ्ठी एकही उरली नाही. तुमच्या वेळी एवढ्यावर भागलं असतं का? सांगा, ते रोज विचारतात.