वर्षातून दोनदा घ्यायच्या इंजेक्शनाने जनुक कायमचे बंद होते का?

गिरगावकर:
वडिलांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. स्टॅटिनची पूर्ण मात्रा आणि एझेटिमाइब या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्या नियमित घेऊनही त्यांचे एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) ११० च्या खाली उतरत नाही, म्हणून दादरच्या हृदयरोगतज्ज्ञांनी इन्क्लिसिरान सुचवले आहे. हे औषध ‘जनुक गप्प करते’ असे कानावर पडल्यापासून ‘एकदा टोचले की माघार नाही’ असे वडिलांच्या मनाने घेतले आहे. जनुकात खरोखर बदल होतो का? होत नसेल, तर एक डोस सहा महिने कसा पुरतो?

परळची_प्रयोगशाळा:
जनुकाला हातच लागत नाही. मूळ कागद कपाटात सुरक्षित असावा आणि बाहेर आलेली झेरॉक्स तेवढी फाडावी, तसा हा प्रकार आहे. इन्क्लिसिरान हा एसआयआरएनए आहे, म्हणजे सुमारे २१ ते २३ अक्षरांचा दुपदरी आरएनए. पेशीत शिरल्यावर त्याचा एक पदर ‘रिस्क’ या प्रथिनसंकुलात बसतो, आपल्याशी जुळणारा संदेशवाहक आरएनए (प्रथिन बनवण्यासाठी निघालेली जनुकाची नक्कल, म्हणजेच ती झेरॉक्स) हेरतो आणि संकुलातले आर्गोनॉट प्रथिन तो संदेश कापून टाकते. पदर मात्र शाबूत राहून पुढच्या संदेशाकडे वळतो. त्यात या औषधाचा रेणू रासायनिक बदलांनी टिकाऊ केलेला असतो आणि पेशीतल्या पुटिकांत (बारीक पिशव्यांत) अडकलेला साठा सावकाश बाहेर येत राहतो, म्हणून परिणाम इतका लांबतो. इथे अडवला जातो तो पीसीएसके-९ या प्रथिनाचा संदेश. हे प्रथिन घटले की यकृतपेशींवरचे, रक्तातले एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर नष्ट होण्यापासून वाचतात आणि रक्तातले एलडीएल साधारण निम्म्यावर येते.

फायर आणि मेलो यांनी ही यंत्रणा १९९८ मध्ये एका सूक्ष्म कृमीत दाखवली, २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले, तरी पॅटिसिरान हे या पद्धतीचे पहिले औषध मंजूर व्हायला २०१८ उजाडले. माझ्या मते खरी कसोटी पोहोचवण्याचीच होती, कारण उघडा आरएनए रक्तात लगेच तुटतो आणि लघवीवाटे निघून जातो. इन्क्लिसिरानला जोडलेली गॅलनॅक ही शर्करा यकृतपेशींवरच्या विशिष्ट रिसेप्टरला चिकटते. यकृतात बनणाऱ्या प्रथिनांशी निगडित विकार आधी हाती लागले ते यामुळेच.

बोरिवलीचा_डॉक्टर:
वडिलांची शंका अगदीच निराधार नाही. परिणाम ओसरतो हे खरे, पण दिलेला डोस काढून घेता येत नाही आणि काही त्रास झालाच तर गोळीसारखे उद्यापासून बंद करण्याची सोय नसते. आतापर्यंतच्या चाचण्यांत मुख्य तक्रार टोचलेल्या जागी दुखण्या-लालसरपणाची होती. पहिल्या डोसनंतर दुसरा तीन महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी असतो. २८४ मिलिग्रॅमची भरलेली सिरिंज आरोग्य कर्मचाऱ्यानेच टोचायची असते.

आणखी एक गोष्ट तज्ज्ञांना जरूर विचारा. इन्क्लिसिरानला मंजुरी मिळाली ती एलडीएल कमी होते या आधारावर, तर त्याच पीसीएसके-९ प्रथिनाला थेट चिकटून अडवणाऱ्या इव्होलोक्युमॅब या अँटिबॉडीने हृदयविकाराचे झटके कमी होतात हे २०१७ मध्येच मोठ्या चाचणीत दिसले होते. ती मात्र दर पंधरवड्याला किंवा महिन्याला घ्यावी लागते. दोन्हींपैकी काहीही घेतले, तरी स्टॅटिन आपल्या मनाने सोडू नये.

गिरगावकर:
झेरॉक्सचे वडिलांना पटले. अँटिबॉडीचा पर्याय आणि दोन्हींचा वर्षाचा खर्च पुढच्या भेटीत विचारून घेतो.